चंद्राबाईंच्या लेकीचं चर्चासत्र

तालुक्याची प्रगती छताच्या उंचीवरून ओळखावी, हे आता सर्वमान्य आहे. या कसोटीवर बारामती-इंदापूर रस्त्यालगतचं 'प्रदर्शन व परिषद केंद्र' अतिप्रगत ठरतं. त्याची भूमिपूजनं तीन झाली (पैकी दोन एकाच खड्ड्यात). इमारत आकाशातून उसाच्या कांडीसारखी दिसते. जमिनीवरून तशी दिसत नाही, म्हणून 'कृपया विश्वास ठेवावा' अशी पाटी लावली आहे. मुख्य दार मागच्या बाजूला आहे, कारण उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांची गाडी तिकडून आली.

तिथला एसी पाहून चंद्राबाईंनी ठरवलं, भर उन्हाळ्यात लेक छकुली बोहल्यावर चढेल तर इथंच. पण केंद्रात लग्नाला सक्त मनाई. परिषदेला नाही. व्यवस्थापक सर्जेराव मुळात कनवाळू. त्यांनी परिषद मंजूर केली. विषय : 'दोन कुटुंबांतील सहकार – संधी व आव्हानं'.

त्यानुसार हळद हे 'कृषिमालाचं प्रात्यक्षिक' झालं. वरात 'प्रतिनिधींचं आगमन' म्हणून आत आली (ओळखपत्र घोड्याच्याही गळ्यात होतं). नवऱ्यामुलाच्या रुसलेल्या आत्याला 'विशेष निमंत्रित' असा बिल्ला लावताच ती हसली.

अंतरपाट धरला, तोच सर्जेरावांनी माईक घेतला.

"थांबा! प्रश्नोत्तरं राहिली. त्याबिगर परिषद ग्राह्य न्हाय."

"अवो सर्जेराव, मुहूर्त चाललाय!" चंद्राबाई माईककडं धावल्या. मुहूर्त टळला तर लेकीच्या संसाराचं काय? "कुणाला कायबी इचारायचं न्हाय हितं!"

"मला हाय," छकुली म्हणाली.

माईक तिच्याकडे गेला.

"मी नोकरी सोडणार न्हाय. उद्या पोर झालं, रातच्याला रडाय लागलं, तर कोण उठणार?"



"बाईच उठती की!" आत्या म्हणाली.

"विशेष निमंत्रितांनी मत देऊ नये," सर्जेराव म्हणाले.

चंद्राबाईंना एकदम आपल्या पोरांच्या लहानपणच्या रात्री आठवल्या. खांद्यावर पोर, डोळ्यांवर झोप, आणि शेजारी घोरणारा संसार. मुहूर्त राहिला बाजूला.

"व्हय, सांगा की जावईबापू," त्या म्हणाल्या. "थांबलोय आमी."

अंतरपाटापलीकडं नवरामुलगा इंद्रजित खाकरला. "एक रात्र ती, एक रात्र मी."

"इतिवृत्तात घ्या," छकुली म्हणाली.

सर्जेरावांनी घेतलं. अक्षता पडल्या. (मुहूर्त साधला, भटजींनी मंगलाष्टकं धावत म्हटली.)

केंद्राच्या इतिहासात इतकी फलदायी परिषद झालेली नाही. सुज्ञ वाचकहो, आपल्या लग्नात हे सत्र बहुधा राहून गेलं असेल. हरकत नाही. बाळ रडत होतं आणि तुम्ही कूस बदललीत, तेव्हा तुम्ही खरंच झोपेत होता का, एवढंच सांगा. माईक चालू आहे.