चौदा चोक छप्पन्न

वेळ सगळ्यांची सारखीच जाते, हा अडाणी समज. धारुरात तो निजामाच्या फसली सन तेराशे बावीसपर्यंत होता. मग त्रिंबक मास्तरांनी तो मोडला, त्यांचं भलं होवो!

मास्तर इंग्रजी शिकलेले, वय त्रेचाळीस, म्हणजे ऐन उमेदीत. दोन बायका झाल्या, दोन्ही गेल्या (घाईच फार). त्यांनी विलायतेतली तीनशे वर्षांपूर्वीची कवनं अन् नाटकं पालथी घातली, तर पानोपानी एकच: बाई गं, तुझा बहर चालला, लवकर हो म्हण. कवी मात्र कुठंच म्हातारा होईना (लिहिण्यात गुंतला असावा). यावरून मास्तरांनी हिशेब बसवला की पुरुषाचं एक वर्ष ते बाईची चार. तसा तक्ता करून चावडीत लावला, त्यावर रीतसर सरकारी शिक्का आणवला. महिन्याभरात गावात अकरा लग्नं उरकली. दहा वर्षांची पोर चाळिशीला आली म्हटल्यावर कोणता बाप स्वस्थ बसेल?

मास्तरांच्या सोयऱ्यांतल्या अर्जुनरावांची केशर चौदाची. मास्तरांनी तिलाच मागणी घातली. केशरला मास्तर अजिबात नको होते. ती आई छबुबाईपाशी रडली, तर आई म्हणाली, तुला कोण विचारतंय, तक्ता काय म्हणतो ते बघ. केशरनं डोळे पुसले. घर शाळेला लागून, पाढे भिंतीपलीकडून ऐकूनच पाठ झालेले.

बघायला मंडळी आली. केशर मान खाली घालून पाटावर बसली. जोशीबुवांनी रिवाजाप्रमाणं आधी नाव विचारलं, मग वय.

"छप्पन्न," केशर म्हणाली.

अर्जुनरावांचा चेहरा लाल झाला. केशरनं मान वर केली नाही.

"चौदा चोक छप्पन्न. तक्त्यात हाय तेच सांगितलं. मास्तर माझ्याहून तेरा वर्सांनी ल्हान हायेत."

जोशीबुवांनी पंचांग मिटलं. नवरी थोरली शास्त्राला चालत नाही. मास्तर घाईघाईनं म्हणाले की चाराऐवजी तीन धरू, म्हणजे पोर बेचाळीसची होऊन एका वर्षानं धाकटी बसते. पण शिक्क्याचा कागद खोडायचा कुणी? शिवाय पंगतीला आलेले अकरा सासरे एकदम खवळले, की आकडा फिरणार होता तर आमच्या पोरींची एवढी घाई कावून केली? मास्तर उठले, अन् जाताना रीत म्हणून वडीलधाऱ्या केशरच्या पाया पडून गेले.

आता तुम्ही विचारणार, मग केशरचं लग्न झालं का? साहजिक आहे, सगळे हेच विचारतात. मास्तरांचं झालं का, हे आजवर एकानंही विचारलं नाही. तुम्हीसुद्धा.