पास्टर लिंडक्विस्टांचं अर्धं प्रवचन

पास्टर ऑरिन लिंडक्विस्ट यांचा आवाज रविवारी ऐन प्रवचनात बसला, आणि बसला तोही नको त्या वाक्यावर.

प्रवचन धीराबद्दल होतं. पास्टरांच्या परसात नासपतीचं एक झाड होतं आणि गेली तीन वर्षं त्याला फळ धरलं नव्हतं. आधी झाडावर भरपूर राग काढायचा, कुऱ्हाड उचलल्याचं सांगायचं, आणि मग बायकोने, व्हेर्नाने, ती हातातून काढून घेत 'अजून एक वर्ष राहू दे त्याला' म्हटल्याचं सांगून शेवट करायचा, अशी त्यांनी रचना केली होती.

"तीन वर्षं आपण त्याची वाट पाहिली," पास्टर म्हणाले. "सगळ्यांना सांगत राहिलो, या वर्षी बघा. शेवटी माणसाने मान्य करावं. त्याला काढून टाकायची वेळ आली आहे."

इथे त्यांनी श्वास घेतला, पुढचं वाक्य काढायला गेले आणि घशातून नुसती हवा आली. आठवडाभराच्या सर्दीने नेमका तिथे डाव साधला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. ऑर्गन वाजवणाऱ्या आर्डिसबाईंना ऐकू कमी यायचं. पास्टरांचे ओठ मिटले की प्रवचन संपलं, एवढाच त्यांचा हिशेब. त्यांनी सूर धरला, लोक उभे राहिले आणि गाणं सुरू झालं.

गाताना मात्र कुणाचं लक्ष गाण्यात नव्हतं. सगळे चोरून चौथ्या ओळीकडे बघत होते. तिथे कॉल्टन ह्रुस्का मान खाली घालून उभा होता.

कॉल्टन म्हणजे गावातल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक. चेंडू हातात आला की तो कुणाकडे फेकायचा हे क्षणात ठरवायचं, हे त्याचं काम. त्यामुळे संघ हरला की शिव्या खाण्याचं कामही त्याचंच. तीन वर्षं तोच खेळत होता आणि यंदा संघ ओळीने हरत होता. आदल्या दिवशी तर त्याने चेंडू सरळ समोरच्या संघातल्या पोराच्या हातात दिला, आणि थोड्या वेळाने पुन्हा त्याच पोराच्या हातात दिला. नेब्रास्कातल्या त्या छोट्या गावात मक्याचा भाव सोडला तर बोलायला एकच विषय उरला होता: ह्याला ठेवायचा की बाकावर बसवायचा. एकाच घरात नवरा एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला, अशी परिस्थिती होती. आणि आता पास्टरांनी व्यासपीठावरून निकाल दिला होता.

पास्टरांना ह्याचा पत्ता नव्हता. फुटबॉल त्यांना हवामानासारखा वाटे. तो असतो एवढं त्यांना माहीत होतं. चर्चच्या दारात ते नेहमीप्रमाणे लोकांचा निरोप घेत उभे राहिले. बियाण्यांचे दुकानदार स्टँकी यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "कुणीतरी बोलायलाच हवं होतं, पास्टर." पास्टरांनी मान डोलावली. मागून आलेल्या एक आजीबाई म्हणाल्या, की खरं असलं तरी तोंडावर बोलायला नको होतं. पास्टरांनी त्यांनाही मान डोलावली. आवाजच नव्हता, दुसरं करणार काय.

घरी आल्यावर व्हेर्नाने कोट खुंटीला लावला आणि शांतपणे सांगितलं, "ऑरिन, तू कॉल्टनला संघातून काढलंस."

डॉक्टरांनी घसा तपासला आणि शुक्रवारपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं बजावलं. मग व्हेर्नाच फोन घेऊन बसली. ते झाडाबद्दल होतं, खरोखर परसातल्या झाडाबद्दल, असं तिने अर्ध्या गावाला सांगितलं. पलीकडून सगळीकडे एकच उत्तर आलं: हो हो, व्हेर्ना, कुठलं झाड ते आमच्याही लक्षात आलं.

मंगळवारी कोच टीमन स्वतः आले. टोपी न काढता स्वयंपाकघरात उभे राहिले.

"त्याला बसवायचं हे मी गेल्या शनिवारीच ठरवलं होतं," ते म्हणाले. "पोरगा थकलाय, मला दिसतंय. पण आता बसवला तर गाव म्हणणार, टीमन पास्टरांच्या तालावर नाचतो. तेव्हा आता तो खेळणार. मैदानात आडवा पडेपर्यंत खेळणार. हे तुमच्यामुळे झालं, एवढं सांगायला आलो."

पास्टरांनी दोन्ही हात हलवले, परसाच्या खिडकीकडे बोट दाखवलं, झाडाचा आकार हवेत काढला. कोचना वाटलं, बाहेर जायला सांगतायत. ते गेले.

गुरुवारी दुपारी कॉल्टन आला. व्हेर्ना बाजारात गेली होती. पास्टरांनी दार उघडलं. चार दिवस ते ह्याच पोराची क्षमा कशी मागायची ते घोकत होते.

"भांडायला नाही आलो," कॉल्टन म्हणाला आणि टेबलाशी बसला. पास्टरांना बोलता येत नसल्यामुळे मध्ये तोडणारं कुणी नव्हतं. तो बोलत राहिला. खांदा ठीक आहे, हात ठीक आहे, झोप लागत नाही. चेंडू हातात आला की आधी वडिलांचा आवाज ऐकू येतो, मग न्हाव्याचा, मग गणिताच्या सरांचा, आणि तोवर समोरची पोरं अंगावर आलेली असतात.

"सगळे म्हणतात, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत," तो म्हणाला. "पाठीशी इतके जण उभे राहिलेत, की मागे सरायला जागाच नाही. मी आपण होऊन बसतो म्हटलं तर पळपुटा ठरेन. तुम्ही एकटेच म्हणालात, पुरे आता. त्या दुपारी मी चार महिन्यांत पहिल्यांदा झोपलो. तेवढं सांगायचं होतं. हे कुणाला बोलू नका."

पास्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. क्षमा मागणं तर आता दुष्टपणाच झाला असता.

शुक्रवारी आवाज परत आला, बारीक आणि खरखरीत. पास्टर मोठ्या पेचात होते. गावात त्यांच्या नावावर एक खोटी गोष्ट फिरत होती आणि ती तशीच ठेवणं त्यांच्याने होईना. पण खरं सांगावं तर त्याचा अर्थ 'पोराला ठेवा' असा होणार, आणि पोराला तर सुटका हवी होती. त्याने विश्वासाने सांगितलेलं बाहेर काढणं शक्यच नव्हतं.

"खरं सांगितलंस तर काय बिघडेल?" व्हेर्नाने विचारलं. कॉल्टनचं बोलणं तिलाही सांगायची पास्टरांना सोय नव्हती. शेवटी ते कोट चढवून कोचच्या कचेरीत गेले, कारण दुसरं काही त्यांना करता येत नव्हतं. प्रवचन कुठे संपायचं होतं, हे त्यांनी कोचना सांगितलं.

कोचनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे शेवटी तुमचं म्हणणं होतं, राहू द्या त्याला?"

"झाडाला."

"तेच ते." कोचनी पेन्सिल पुन्हा उचलली. "म्हणजे चर्चचं मत, ठेवा."

"चर्चचं ह्यात काही मत नाही," पास्टर कसेबसे म्हणाले.

"नाही, नाही. बरं केलंत आलात ते." कोचच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "आता त्याला बसवला तर मी तुमचं ऐकलं असं कुणाला म्हणता येणार नाही. संध्याकाळपर्यंत गावाला सांगा हं हे. व्हेर्नाला सांगा, लवकर पसरेल."

शनिवारी कॉल्टनच्या जागी पहिल्या वर्षाचा एक धिप्पाड पोरगा खेळला आणि संघ आधीपेक्षाही वाईट हरला. सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या भागातच पुढच्या ओळीतले स्टँकी मागे वळले. प्रवचनाचा शेवट काही का असेना, चांगल्या पोराला तुम्हीच घरी बसवायला लावलंत, निदान तो एखादा तरी चेंडू आपल्या माणसाला द्यायचा, असं ते पास्टरांना म्हणाले. पास्टरांना आता आवाज होता. पण खरं आणि थोडक्यात, असं एकही उत्तर त्यांना सुचेना. व्हेर्नाने स्टँकींना थर्मासमधली कॉफी दिली.

पास्टर मैदानाच्या कडेला बघत होते. नव्या पोराने चेंडू घालवला आणि मान पाडून बाहेर आला, तेव्हा कॉल्टनने त्याच्या गळ्यात हात टाकून कानात काहीतरी सांगितलं. पोरगा हसला. कॉल्टनही हसला. सामना संपेपर्यंत पास्टरांनी फळ्यावरच्या गुणांकडे पुन्हा पाहिलं नाही.

संध्याकाळी कॉल्टन पास्टरांच्या दारात उभा होता. घरी वडील कुणाशी बोलत नाहीत, म्हणाला. व्हेर्नाने त्याला आत घेतलं आणि कुस्करलेल्या बटाट्यांवर चिकन-नूडल्स वाढले. तो दुसऱ्यांदा वाढून घेत असताना फोन वाजला.

"तुमच्याकडे आलाय का?" कोच टीमननी विचारलं.

"आलाय."

"पुढच्या शनिवारी कोण, म्हणून सामना संपल्यापासून सगळे विचारतायत. मी काही बोललो नाही. म्हटलं, त्यालाच विचारावं. आजवर विचारलंच नाही कधी."

पास्टरांनी फोनवर हात ठेवला आणि कॉल्टनला विचारलं. कॉल्टनने थोडा विचार केला. तोंड भरलेलं होतं. "नंतर सांगतो म्हणावं," तो म्हणाला.

"नंतर सांगतो म्हणतोय," पास्टरांनी कळवलं. "जेवतोय."



"जेवू दे," कोच म्हणाले. मग थांबून, जरा खालच्या आवाजात, "काय केलंय व्हेर्नाने?"

पास्टरांनी ते सांगितलं. फोन ठेवून ते वळले, तेव्हा व्हेर्ना चौथी ताटली पुसून टेबलावर मांडत होती.