इझानागी पळाला

२००६च्या गणेशोत्सवात अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या आमच्या मराठी मंडळाने ठरवलं, की मनोहरकाकांचा डबा भरायचा नाही. निर्णय एकमताने झाला.

काका प्रत्येक जेवणाला चार कप्प्यांचा स्टीलचा डबा घेऊन येत. आधी डबा भरत, मग ताट घेत. कमिटीतले म्हणत, "रिटायर्ड इंजिनिअर, यार. आठवड्याचा स्वयंपाक वाचवतात."

दुसरी सवय प्राचीन जपानची. जपानी गाड्यांपुढे टिकाव लागेना, तेव्हा काकांचा मोटार कारखाना बंद पडला. "हरवणारे मुळात कोण, हे तरी कळू दे," म्हणून त्यांनी लायब्ररीतून पुस्तकं आणली. मोटारींपासून निघाले ते काही हजार वर्षं मागे गेले आणि तिथेच राहिले.

नव्या माणसाला ते नाव विचारत नसत, "कधी आलास?" विचारत. काकांच्या पिढीतले ते जोमोन, म्हणजे शिकार करून, कंदमुळं गोळा करून राहणारे जपानचे जुने रहिवासी. आयटीवाले ते ययोई, समुद्रापलीकडून भातशेती घेऊन आलेले. "आम्ही इथे कोथिंबिरीवाचून जगलो. तुम्ही कुकर घेऊनच उतरलात."

त्या दुपारी अध्यक्षाने, नागपूरच्या तिशीतल्या मुलाने, वाढणाऱ्याचा हात धरला. "काका, इथे बसून हवं तेवढं खा. पॅक करणं कॅन्सल केलंय."

"जोमोनांनाही असंच सांगितलं असेल," काका म्हणाले. "खा हवं तेवढं, शेत मात्र आता आमचं."

रांग हसली. काकांनी रिकामा डबा बंद केला. ते जेवले नाहीत.

मी पुण्यातल्या दैनिकाची नोकरी सोडून नवऱ्याच्या व्हिसावर आले होते. काकांच्या शेजारीच राहत होते, मला गाडी चालवता येत नव्हती. काका मला घरी सोडणार होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आधी मंगलाकडे जाऊ."

त्यांची बायको, मंगलाकाकू, नाशिकला बहिणीकडे आहेत, असं काकांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. त्यावर पुढे कुणी काही विचारलं नव्हतं.

वाटेत काकांनी गोष्ट सांगितली. इझानामी देवी मेली. नवरा इझानागी तिला आणायला योमीत, मृतांच्या देशात गेला. ती म्हणाली, उशीर केलास, मी इथलं जेवले. तिथल्या चुलीवरचं खाल्लं की परत येता येत नाही. माझ्याकडे बघू नकोस म्हणाली, तरी त्याने तिचा चेहरा पाहिला. तो सडलेला होता.

"मग?"

"पळाला. वाटेवर धोंडा लावून आला, गाढव."

गाडी एका नर्सिंग होमसमोर थांबली.

"तिला आता मीसुद्धा ओळखू येत नाही," काका म्हणाले. "पण वरणभात दिसला की तोंड उघडते. मला चहापलीकडे काही येत नाही गं. डब्यातलं फ्रीझरमध्ये ठेवून रोज थोडं आणतो. इथलं तिला अजून खाऊ दिलेलं नाही. घरी न्यायचीय."

"आज?"

"फ्रीझर काल संपला."

खोलीत काकू ट्रेसमोर बसल्या होत्या. नर्स चमच्याने कुस्करलेला बटाटा भरवत होती. काकू खात होत्या. आज छान जेवतायत, असं नर्सने इंग्रजीत सांगितलं.

काकांनी डबा खुर्चीखाली ठेवला. नर्सकडे आणखी एक चमचा मागितला. काकूंच्या ट्रेमधला बटाटा खाल्ला, मग थोडी जेली.