पाऊण डोंगर

चौकटवाल्याने लाकडी चौकट उजव्या हातात धरली, तिला बांधलेल्या दोरीची गाठ डाव्या हाताने गालाच्या हाडावर दाबली, एक डोळा मिटला आणि गल्लीच्या टोकाच्या कठड्यावरून समोरच्या डोंगराकडे पाहिलं. शेजारी वही घेऊन त्याची बायको उभी होती.

"पन्नास," तो म्हणाला. "डोंगराचं शेपूट कापलं जातंय. लिही."

"शेपूट कापलं," बायकोने लिहिलं.

त्याने दोरीची अलीकडची गाठ गालाला लावली. "चोवीस. यात सगळंच येतंय बघ. विजेचा खांब, चार गच्च्या, वाळत घातलेल्या गाद्या. डोंगर आपला वारुळाएवढा."

"डोंगर वारूळ."

"आता पस्तीस." त्याने चौकट जराशी डावीकडे सरकवली. मग त्याचा आवाज देवळात बोलावं तसा खाली आला. "अगं, बसला! या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्हीकडे बोटभर जागा. मी फोटोभोवती सोडतो ना, तेवढीच."

बायकोने 'बसला' असं लिहून त्याखाली रेघ मारली.

अठ्ठावीस वर्षं हा मनुष्य दुसऱ्यांच्या फोटोंना चौकटी करत आला होता. लग्नं, बारशी, गेलेली माणसं, पदवीचे कागद, सगळ्यांना त्याने काच लावली, मागून पुठ्ठा लावला, खिळे ठोकले. स्वतः काढलेला एकही फोटो त्याच्या दुकानात नव्हता. आता मात्र काढायचा होता, आणि त्याला कारण त्याची ताई होती.

ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. आई गेल्यावर तिनेच या धाकट्या भावाला वाढवलं होतं, त्यामुळे त्याच्याशी बोलताना ती अजूनही त्याचं नाक पुसत असल्यासारखं बोलायची. गेली तीन वर्षं रोज सकाळी ती विचारायची, "डोंगर आहे ना रे जागेवर?" तो म्हणायचा, "आहे, ताई." एका डोळ्याचं ऑपरेशन येत्या सोमवारी करायचं ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली. "मंगळवारी पट्टी सुटेल तेव्हा पहिलं तुझं तोंड नको बाबा. ते मला पाठ आहे. डोंगर दाखव."

डोळ्यांचे डॉक्टर चौकटवाल्याचं जुनं गिऱ्हाईक. ते म्हणाले, "पट्टी सोडायच्या खोलीतली समोरची भिंत मोकळीच आहे. सोमवारपर्यंत डोंगराचं चित्र आणा. नाहीतर औषध कंपनीने पोस्टर पाठवलंय, ते लावतो."

"कसलं पोस्टर, साहेब?"

"डोळ्याचं. आतून."

चौकटवाल्याने ते पोस्टर पाहिलं. टेबलाएवढा मोठा डोळा, लाल शिरांसकट, पापण्या नसलेला. तीन वर्षांनी दृष्टी यावी आणि समोर हे यावं, या कल्पनेने त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कॅमेरा घरात होता. जावयाने नवा घेतल्यावर जुना सासऱ्यांना दिला होता, फक्त लेन्स काढून घेतली होती. तेव्हा एक लेन्स घ्यायची, स्वस्त आणि चांगली. कॅमेऱ्याच्या दुकानदाराने सांगितलं होतं की स्वस्त आणि चांगलं या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील तर प्राइम घ्या. म्हणजे एकाच मापाची लेन्स. दृश्य जवळ ओढणं नाही की लांब ढकलणं नाही, जे दिसेल ते दिसेल. "पण एक ध्यानात ठेवा," दुकानदार म्हणाला होता, "माप ठरवून या. वापरलेला माल आहे, एकदा नेला की परत नाही आणि बदलूनही नाही."

माप ठरवण्याच्या बाबतीत चौकटवाल्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने विचारलं, "आत चित्र केवढं उमटतं?" दुकानदाराने एक काच पुसता पुसता सांगितलं, "छत्तीस बाय चोवीस मिलिमीटर." चौकटवाल्याने घरी येऊन छत्तीस बाय चोवीस सेंटिमीटरची चौकट केली, तिला दोरी बांधली आणि चोवीस, पस्तीस आणि पन्नास सेंटिमीटरवर गाठी मारल्या. ज्या आकड्याची लेन्स, त्या आकड्याची गाठ गालाला लावायची, की चौकटीतून तेच दिसतं जे त्या लेन्समधून दिसेल. गणित चोख होतं. दुकानदारानेही ते ऐकून मान डोलावली. कॅमेऱ्याची कंपनी त्याने विचारून घेतली होती, फक्त कॅमेरा नेमका कुठला, हे त्याने विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही.

कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक बायको वाचत होती. हातात घेतलेलं कुठलंही पुस्तक रोज एक पान याप्रमाणे शेवटपर्यंत वाचायचं, हा तिचा नेम होता. गुरुवारी सकाळी नेमाचं पान वाचताना ती थबकली. त्यावर लिहिलं होतं की या कॅमेऱ्यातली चित्र उमटायची जागा नेहमीच्या छत्तीस बाय चोवीसपेक्षा बरीच लहान आहे, आणि म्हणून यावर पस्तीसची लेन्स लावली तर दिसतं ते साधारण पन्नासच्या लेन्समधून दिसावं तेवढंच.

शेपूट कापलं जाणार होतं.

ती पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत आली. चौकटवाला चपला घालत होता. "दोन लेन्स आहेत त्याच्याकडे, चोवीस आणि पस्तीस, एकाच किमतीच्या," तो म्हणाला. "बाराला दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. त्याच्या आधी जाऊन पस्तीस उचलतो."

पण तो गुरुवार होता. गुरुवारी दुपारी बारापर्यंत तिचं मौन असे. अकरा वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं. दूध उतू गेलं, एकदा घरात साप निघाला, तरी मोडलं नव्हतं. लिहून सांगणं म्हणजे हाताने बोलणं, आणि खुणा करणं म्हणजे चोरून बोलणं, असं तिचं मत होतं. त्यामुळे ती पुस्तक छातीशी धरून दारात उभी राहिली आणि नवऱ्याकडे पाहत राहिली. जितकं म्हणून पाहता येईल तितकं तिने पाहिलं.

चौकटवाल्याला भरून आलं. "तुझी अशी साथ आहे म्हणूनच होतंय गं सगळं," तो म्हणाला आणि जिना उतरला.

साडेअकराला तो पस्तीसची लेन्स रुमालात गुंडाळून परत आला. बायको घड्याळासमोर खुर्ची घेऊन बसली होती. अर्धा तास त्याने लेन्सचं कौतुक केलं आणि तिने ते ऐकलं. बाराचा ठोका पडला.

"अहो, चोवीस घ्यायला हवी होती," ती म्हणाली.

तिने पान वाचून दाखवलं. त्याने ते स्वतः दोनदा वाचलं. मग लेन्स कॅमेऱ्याला लावून दोघं कठड्यापाशी गेली. डोंगराचं शेपूट कापलं जात होतं आणि शेपूट आत घेतलं तर नाक बाहेर जात होतं. पाऊण डोंगर मावत होता.

"हे सकाळी बोलली का नाहीस?"

"गुरुवार."

त्याने दुकानदाराला फोन लावला. चोवीसची लेन्स बारा वाजून पाच मिनिटांनी गेली होती.

"एवढं काय मनाला लावून घेता?" दुकानदार म्हणाला. "पाय आहेत ना? मागे सरका. प्राइमवाला माणूस पायांनीच दृश्य लांब करतो."

हे चौकटवाल्याला पटलं. शुक्रवारी सकाळी ऊन चांगलं पडल्यावर त्याने कठड्याला पाठ न दाखवता, कॅमेरा डोळ्याला लावून, मागे सरकायला सुरुवात केली. बायको त्याच्या सदऱ्याचं टोक धरून मागून वाट दाखवत होती.

"दहा पावलं झाली. मावला का?"

"नाही. पण कठडा आला आत."

"थांबा, स्कूटर जाऊ दे. हं, या आता. अजून दहा झाली."

"डोंगर तेवढाच आहे गं. रस्ता आला, कुत्रं आलं. डोंगर काही हलत नाही."

"दोन कोस लांब असलेला डोंगर आपण वीस पावलं सरकलो म्हणून लहान कशाला होईल?" बायको म्हणाली.

हा विचार दुकानदाराने केला नव्हता. चौकटवाल्यानेही केला नव्हता, पण आता थांबायला तो तयार नव्हता. त्याची पाठ एका दारावर आपटली. दार उघडंच होतं. आत इस्त्रीवाल्या बाई चादरीवर पाणी शिंपडत होत्या.

"कोण ते? आणि पाठीकडून का येताय?"

"मी आहे, वहिनी. चौकटवाला. जरा मागे सरकतोय."

"अजून किती सरकणार?"

"डोंगर मावेपर्यंत."

इस्त्रीवाल्या बाईंनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. बायकोने मान खाली घातली आणि थोडक्यात सगळं सांगितलं, ताईच्या पट्टीपासून पापण्या नसलेल्या डोळ्यापर्यंत. बाईंनी इस्त्री बाजूला उभी केली.

"टेबल मागच्या भिंतीला लागून आहे. त्यावर चढलात तर यापेक्षा मागे जायला जागाच नाही. पण पाय धुवून चढायचं. लोकांच्या चादरी आहेत."

चौकटवाल्याने मोरीत पाय धुतले, टेबलावर चढला, पाठ भिंतीला लावली आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. दोन्ही बायका खालून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

"मावला?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"भिंत पाडता येणार नाही हं. मागे दुसऱ्यांचं घर आहे."

तो टेबलावरच मांडी घालून बसला. कॅमेरा त्याने मांडीत ठेवला. "डोंगर नाहीच, वहिनी. आता तर आणखी कमी झाला. तुमची खिडकी आलीय मध्ये. तिच्यातून दिसतो तो अर्धासुद्धा नाही. ताईला मी शब्द दिलाय, पूर्ण डोंगर दाखवीन म्हणून."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. दोन्ही झडपा उघड्या होत्या, चौकटीच्या खालच्या फळीवर पितळी पेला उपडा ठेवलेला होता, आणि पलीकडे उन्हात डोंगर उभा होता.

"बावीस वर्षं मी इथे उभी राहून इस्त्री करतेय," त्या म्हणाल्या. "मला एवढाच दिसतो. कधी अर्धा नाही वाटला."

चौकटवाला हळूहळू उठला. त्याने पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला, आणि या वेळी डोंगराकडे न पाहता खिडकीकडे पाहिलं. झडपा, फळी, पेला, आणि त्यामध्ये डोंगर, खिडकीतून दिसतो तेवढा. कापलेला कुठेच नव्हता.

"वहिनी, तो पेला हलवू नका," तो म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

मग त्याने बाईंकडून टेप मागून घेतली आणि खिडकीचं माप घेतलं, कारण माप घेतल्याशिवाय त्याला कुठूनही निघता येत नसे. शनिवारी त्या मापाचा फोटो छापून झाला, रविवारी चौकट झाली. पण चौकट अशी बारीक आणि भिंतीच्या रंगाची केली होती की ती केली आहे हे फक्त त्यालाच माहीत होतं.

सोमवारी डॉक्टर खोलीच्या दाराशी डोळ्याचं पोस्टर हातात घेऊन उभे होते. "मी डोंगर सांगितला होता," ते म्हणाले. "ही खिडकी आहे."

"खिडकीत आहे, साहेब."

डॉक्टरांनी पोस्टरची गुंडाळी उलगडली, फोटोशेजारी धरून पाहिली आणि पुन्हा गुंडाळली. "सध्या राहू दे," ते म्हणाले.

मंगळवारी सकाळी दहा वाजता ताईला पंख्याखाली खुर्चीत बसवलं. चौकटवाला तिच्या पाठीमागे उभा राहिला, म्हणजे चुकून त्याचं तोंड आधी दिसायला नको. बायको दारापाशी हात जोडून पुटपुटत होती. डॉक्टरांनी पट्टीचा शेवटचा वेढा काढला, कापूस उचलला आणि ते बाजूला झाले.

ताईने डोळा मिचकावला. पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. ती समोर पाहू लागली. एक मिनिट गेलं, मग दुसरं. चौकटवाला खुर्चीमागून तिच्या डोक्यावरून फोटोकडे पाहत राहिला. अठ्ठावीस वर्षांत गिऱ्हाईक काय बोलतं याची त्याने कधी इतकी वाट पाहिली नव्हती.

"ती खिडकी लावा बघू कुणीतरी," ताई म्हणाली. "डोळ्याला वारा लागतोय."

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी घाईघाईने वाकून तिच्यासमोर हात धरला. "आजी, ही बोटं किती?"

"तीन. मधल्याला शाई लागलीय. आणि खिडकी लावा म्हटलं ना, का तुम्हाला कमी ऐकू येतं?"

डॉक्टरांनी खिशातून छोटा दिवा काढला, तिच्या डोळ्यात पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा डोळ्यात पाहिलं. चौकटवाला खुर्चीच्या मागे तोंडावर रुमाल धरून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. तो हसतोय की रडतोय, हे डॉक्टरांना कळेना, आणि खरं तर त्यालाही कळत नव्हतं.

बायको भिंतीपाशी गेली आणि तिने पंख्याचं बटण बंद केलं.

"हां," ताईने समाधानाने डोळे मिटले. "आता बरं वाटतं. जाताना उघडून ठेवा पण. मला डोंगर बघायचाय."