उलटं चाक

होड्या घरापासून पन्नास पावलांवर, आणि गेटमास्तरांनी सव्वीस वर्षांत बायकोला एकदाही होडीत बसवलं नव्हतं. धरण तसं लहानच, मातीचं. संध्याकाळी तासभर गेट उघडून खालच्या मळ्यांना पाणी सोडायचं, पुन्हा बंद करायचं आणि सुट्टीच्या दिवशी होडीत उभं राहणाऱ्यांवर डोळे वटारायचे, एवढंच काम. पण आपण जरा हललो की धरण गेलंच, अशी त्यांची ठाम समजूत. येत्या रविवारी ते निवृत्त होणार होते. "त्या दिवशी नक्की बसू," असं त्यांनी कबूल केलं होतं, आणि या वेळी अगदी मनापासून.

त्याआधी दोन दिवस नवराबायको मास्तरांच्या बहिणीचं नवं घर बघायला गेली. गेटवर बदलीवाला आला.

आता त्या गेटची गंमत अशी, की त्याचं चाक उलटं होतं. डावीकडे फिरवलं की बंद. मास्तरांनी हे कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांना विचारलं कोणी असतं? पुढे हात असा सरावला, की चाक उलटं आहे हे ते स्वतःच विसरले.

पहिल्याच संध्याकाळी फोन आला. "मास्तर, गेट बंद केलं, पण पाणी थांबत नाहीये."

"नीट आवळलं नसशील."

"जोर लावून आवळलंय हो."

"अजून आवळ."

सकाळी पुन्हा फोन. "मास्तर, पाण्याचा जोर वाढलाच की."

"जुनं गेट आहे, लाडीगोडीनं ऐकत नाही. पहार अडकव आणि आवळ." फोन ठेवून ते बहिणीला म्हणाले, "बघ, माझ्यावाचून तिथं पान हलत नाही."

रविवारी सकाळी परतले, तर समोर नुसता चिखल. होड्या आडव्या पडलेल्या. बदलीवाला बिचारा घामाघूम होऊन अजूनही पहारीला लटकत होता. उजवीकडे. चाक उलटं आहे हे मास्तरांना तेव्हा कुठे आठवलं.

साहेब आले. "चूक कुणाची?"

"माझी," मास्तर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले असावेत.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी रंग मागवला आणि चाकावर एक बाण काढून घेतला. दोन मिनिटांचं काम. सव्वीस वर्षांचा मान तेवढ्या बाणात मावला, हे बघून मास्तरांना रडू यायचंच बाकी राहिलं.

संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "चुकलंच माझं. आता पुढच्या पावसाळ्याशिवाय तळं भरत नाही."

तिनं चपला हातात घेतल्या, चिखल तुडवत गेली आणि एका कललेल्या होडीत बसली. "या ना."

"अगं, पाणी कुठंय?"

"नाही तेच बरं. मला पाण्याची भीती वाटते. पहिल्यापासून."

"मग इतकी वर्षं होडी होडी करून माझा जीव का खाल्लास?"

"मधेच उठून गेटकडे पळता आलं नसतं तुम्हाला."

मास्तर शेजारी जाऊन बसले, गेटकडे पाठ करून.