माती न लागलेली पाठ

एका जंगलात, बाळांनो, झिपरोजी नावाचं एक अस्वल होतं. पैलवान अस्वल. अकरा वर्षांत झिपरोजी एकही कुस्ती हरला नव्हता.

कुस्तीचा नियम सोपा होता. ज्याची पाठ मातीला लागली, तो हरला. झिपरोजीची पाठ कधी लागलीच नाही. त्याचा व्यवस्थापक कोल्होबा रानोरान दवंडी पिटायचा, की या पाठीला माती दाखवा आणि जंगलकेसरी व्हा. कुस्ती नसेल त्या दिवशी तो ती पाठ तिकीट लावून दाखवायचा. ससे रांगेत उभे राहून बघायचे.

आता अस्वलाच्या पाठीला खाज सुटते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर अस्वलाला विचारा, पण लांबून. बाकीची अस्वलं खुशाल धुळीत गडबडा लोळतात. झिपरोजीला ती सोय नव्हती. तो झोपायचासुद्धा पोटावर. झाडाला पाठ घासावी, तर कोल्होबा म्हणे, केस गेले तर बघायला कोण येईल?

"कोल्होबा, मला एकदा लोळू दे," झिपरोजी म्हणाला.

"लोळ की. हरल्यावर."

"मग कधी हरू?"

"हरायचं नाही, असं आपलं ठरलंय."

त्या वर्षी जत्रेत समोर आला मुसंडेराव रानडुक्कर. झिपरोजीने मनाशी पक्कं केलं, आज हरायचंच. बिचाऱ्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. मुसंडेरावानेही हरावं म्हणून कोल्होबाने त्याला आदल्या दिवशीच दोन पोती रताळी पोचवली होती.

हलगी वाजली. झिपरोजी उताणा पडायला गेला, तोच मुसंडेरावाने त्याला सावरलं आणि स्वतः खाली घुसला. झिपरोजीने त्याला उचलून पुन्हा वर काढलं. असं दोन तास चाललं. दोघेही घामाघूम.

"जरा पडू द्या की राव," झिपरोजी त्याच्या कानात म्हणाला.

"आधी मी. रताळी खाऊन बसलोय."

म्हातारा हत्ती डोळे पुसत म्हणाला, की इतकी निकराची कुस्ती आपण हयातीत पाहिली नाही.

शेवटी खाजेने रताळ्यांवर मात केली. झिपरोजीने मुसंडेरावाला घट्ट मिठी मारली आणि त्याला पोटावर घेऊन धाडकन उताणा पडला. मग जो लोळला! डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, हरल्याचं दुःख. खरं तर एवढं सुख त्याला अकरा वर्षांत मिळालं नव्हतं.

कोल्होबाने रडत बसण्यात वेळ घालवला नाही. त्याने गदा मुसंडेरावाच्या खांद्यावर ठेवली आणि त्याची पाठ ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली.

"आजपासून या पाठीला माती लागता कामा नये," तो म्हणाला.

"म्हणजे चिखलातसुद्धा लोळायचं नाही?" डुकराने विचारलं.

रानभर त्याचा जयजयकार चालला होता. त्यामुळे हा प्रश्न कुणाला ऐकूच गेला नाही.

तात्पर्य : मुलांनो, जिद्द आणि मेहनत असली, की हरणंसुद्धा अशक्य नाही. फक्त समोरच्याची जिद्द आपल्यापेक्षा कमी हवी.