रेडिओवरचा चिन्नोर

प्रिय अनन्या आणि नील,

नील, परवा तू फोनवर सहज विचारलंस, "आजी, तुझ्या शेजारच्या काकांचं ते रेडिओचं खूळ संपलं का?" मी "नाही" म्हटलं आणि तू हसून दुसऱ्या विषयाकडे वळलास. तुझ्या प्रश्नाला तेवढं उत्तर पुरलं, पण रहांगडालेभाऊंना ते पुरत नाही. शिवाय तू ऑनलाइन जाहिरातींच्याच कामात आहेस, आणि या बाबतीत तू बरोबर ठरलास की चुकलास हे मला अजून नीट सांगता येत नाही. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते; अनन्या, तूही वाच.

सगळं जग गाणं ऐकतं आणि जाहिरात लागली की बोलायला लागतं. रहांगडालेभाऊंचं उलटं. गाणं चालू असताना ते तुमच्याशी धानाचे भाव, स्वतःचे गुडघे, कशावरही बोलतील. जाहिरात लागली की हात वर. "चूप! लागली." मग समोर कोणीही असो. एकदा त्यांच्या मेघासाठी स्थळ घेऊन पाहुणे आले होते. मुलाचे वडील मुलाच्या नोकरीचं वर्णन ऐन रंगात आणत होते, तेवढ्यात जनावरांच्या ढेपेची, म्हणजे पेंडीची, जाहिरात लागली. भाऊंनी त्यांना हातानेच थांबवलं आणि ढेप शेवटपर्यंत ऐकली. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत. मेघाने मात्र त्या दिवशी वडिलांना न मागता दुसरा चहा करून दिला.

"गाणं तं कोणीबी आयकते, बाई," भाऊ मला सांगतात, "जाहिरात आयकाले कान लागते."

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून मी सगळ्या गल्लीची 'बाई' आहे. भाऊंचं हे बोलणं मीही आधी हसण्यावारी नेत असे. मग एकदा बाजारातल्या एका कापड दुकानाची जाहिरात ऐकून ते म्हणाले, "लय ओरडून राहिला. दुकान चालत नसन याचं." दुकान तर झगमगत होतं. दिवाळी संपली आणि त्याला कुलूप लागलं. त्या दिवसापासून भाऊंनी हात वर केला की मीही गप्प बसते.

आता मेघा. ही त्यांची धाकटी मुलगी. मोठा प्रवीण हैदराबादला असतो. त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा घरात बाप, लेक आणि रेडिओ. भाऊंची शेती गोंदियाजवळच्या दवनीवाड्याला आहे. तिथे थोड्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, ते अजून हट्टाने चिन्नोर लावतात. हा बारीक, सुवासिक तांदूळ एका घरात शिजला की तिसऱ्या घराला कळतं. मेघाने शिक्षण संपवून या चिन्नोरचं ऑनलाइन दुकान काढलं. छान फोटो, छान पिशव्या, आणि इंग्रजीतलं एक लांबलचक नाव. तांदूळ कमी पडला असं नाही. गिऱ्हाईकच येईना. शेवटी तिने स्पष्ट सांगितलं, "बाबा, संक्रांतीपर्यंत पाहतो. नाही चाललं तं मी नागपूरले नोकरी धरतो."

भाऊ "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाले, "बाई, रेडिओवर देऊन पाऊ का?"

तेव्हा मीच तुला व्हिडिओवर बोलावलं होतं, नील, आठवतं? तू किती व्यवस्थित समजावलंस. रेडिओ ऐकणारी माणसं ऑनलाइन खरेदी करत नाहीत. ऑनलाइन खरेदी करणारी माणसं गोंदियाचा रेडिओ ऐकत नाहीत. फोनवरच्या जाहिरातीत कोणी पाहिलं, कोणी बोट लावलं, सगळं कळतं. रेडिओवर बोललेलं हवेत जातं. मला तुझं सगळं पटलं होतं. भाऊंनीही मान डोलावत ऐकलं आणि मग विचारलं, "बाबू, तुझ्या फोनवरच्या फोटोतून वास येते का?"

"नाही काका. पण रेडिओवरूनही येत नाही."

"नाई येत. फोटोबी नाई येत. मंग आयकणाऱ्याले सोताच्या घरचा वास आठवा लागते ना! त्याच्यापेक्षा चांगला वास तू कुठून आणशीन?"

तू हसून "तरी फोनवरचीच जाहिरात करा, काका" म्हणालास.

पहिली जाहिरात मात्र साफ पडली. ती मेघाने लिहिली होती आणि रेडिओवरच्या निवेदिकेने शुद्ध मराठीत वाचली. शेवटी त्या इंग्रजी नावाचं एकेक अक्षर सुटं सुटं उच्चारलं, आणि ते ठरल्याप्रमाणे दोनदा. कामठ्याची एक बाई भाऊंना बाजारात भेटली आणि म्हणाली, "भाऊ, सकाळी तुमच्या पोरीचा निकाल सांगून राहिले होते का जी रेडिओवर? पास झाली ना?"

आठवडाभर एकही ऑर्डर नाही. मेघा मला म्हणाली, "आजी, नील बरोबर होता. अब बस." तिने नागपूरला अर्ज पाठवायला घेतले.

भाऊंनी तिची समजूत घातली नाही, की ते रागावलेही नाहीत. ते फक्त रेडिओ घेऊन शेतावर जाऊ लागले. चुरणं, म्हणजे धानाची मळणी, चालू होतं. तिथे बांधावर बसून ते जाहिराती ऐकत आणि ऐकणाऱ्यांकडे पाहत. कोण ऐकतं, ऐकताना कुठे पाहतं. चार-पाच दिवसांनी ते घरी आले आणि मेघाला म्हणाले, "आपण चुकलो. घेणाऱ्याले सांगून राहिलो होतो. घेणारा इथं हायेच कुठी? इथं त्याची माय हाये."

दुसरी जाहिरात त्यांनी स्वतः रचली आणि स्वतःच्याच आवाजात सांगितली. रेडिओवाले म्हणाले, बोली नको, प्रमाण भाषा हवी. भाऊ म्हणाले, "मंग पैसे वापस द्या." तशीच लागली. आता ती मला पाठ आहे:

"रामराम. पोरगा पुण्याले हाये का तुमचा? हैदराबादले हाये? फोन लावा त्याले. जेवला का, इचारा. कोणता भात खाल्ला, इचारा. सांगता नाई आला, तं म्हणा, गोंद्याच्या मेघाचा चिन्नोर शोध. फोनवर सापडते. आता ठेवतो, तुमी लावा फोन."

बस. भाव नाही, पत्ता नाही, दुकानाचं नावसुद्धा नाही. मेघा डोक्याला हात लावून बसली. "यार बाबा, दुकानाचं नाव तं घ्याचं ना! हे काय जाहिरात होय?" मग तिनेच रातोरात दुकानाचं नाव बदलून 'मेघाचा चिन्नोर' केलं, कारण बाप बदलणार नव्हता.

पहिली ऑर्डर पुण्याहून आली. मग बेंगळूर, हैदराबाद, पुन्हा पुणे, सुरत. मेघा ओट्यावर बसून पिशव्या भरू लागली आणि मी पत्ते नीट लिहून देऊ लागले. माझं अक्षर अजून बरं आहे. ती प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला फोन करून विचारायची, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" एकानेही रेडिओ म्हटलं नाही. सगळ्यांचं उत्तर एकच. आईने सांगितलं. एखादा म्हणे, बाबांनी. एकजण इटियाडोह धरणाकडचा होता, तो म्हणाला, "आजी रोज फोन करून इचारते, मागवला का, मागवला का. तिच्यासाठी मागवून राहिलो, ताई."

मी हे तुला कळवलं तेव्हा तू काय म्हणालास, ते मी मुद्दाम लक्षात ठेवलं आहे. तू म्हणालास, "म्हणजे रेडिओचा उपयोग झालाच नाही, आजी. तोंडोतोंडी झालं सगळं." मी ते भाऊंना जसंच्या तसं सांगितलं. ते इतके हसले की खोकला लागला. "बाबूले इचारा, त्या मायले कोणं सांगतलं?"

नील, मी खूप शिकलेली माणसं पाहिली. पण ज्याला विकायचं त्याच्याशी न बोलता, त्याच्यासाठी जीव टाकणाऱ्या माणसाशी बोलायचं, हे मला सुचलं नसतं. तुलाही सुचलं नाही. म्हणून मी एकदा त्यांना विचारलंच, "भाऊ, हे तुम्हाला सुचलं कसं?"

दुपारची वेळ होती. मेघा पार्सलं द्यायला गेली होती. रेडिओवर गाणं चालू होतं, म्हणजे बोलायची वेळ होती. तरी त्यांनी आधी त्याचा आवाज बारीक केला.

"बाई, मी प्रवीणले फोन लावला ना, तं तो पहिले इचारते, 'काय झालं?' तो घाबरते. म्हातारा बाप, एकटा, फोन आला म्हणजे काईतरी झालंच असन. आता मले काईच नसते झालं. मी म्हणतो, काई नाई, असाच लावला. तो म्हणते, 'बरं, कामात आहो, ठेवतो.' मंग मी लावणंच सोडलं. पोराले कायले घाबरवाचं?" त्यांनी रेडिओ उगाच जरा सरळ करून ठेवला. "शेतावर पायलं, सगळ्याइचं तसंच हाये. फोन हाये, नंबर हाये, बोलाले काई नाई. म्हटलं, यायले बोलाले काईतरी द्या. तांदूळ तं तांदूळ."

"आणि तुम्ही? आता लावता का प्रवीणला?"

"लावतो ना. आज जाहिरात उशिरा लागली, आज अर्धीच लागली, आज ढेपेच्या मांगं लागली. काई ना काई राह्यतेच." मग जरा लाजून म्हणाले, "आता तो 'काय झालं' नाई म्हणत. 'लागली का?' म्हणते."

संक्रांत झाली. मेघा नागपूरला गेली नाही. पुढे जाईलही कदाचित. तिने जावं असं भाऊ स्वतःच मध्ये एकदा म्हणाले, आणि तिने त्यांना पिशव्या शिवायला बसवलं. रेडिओवरची जाहिरात ऑनलाइन दुकानाला परवडते की नाही, हे तुझ्या पद्धतीने सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. मला दिसलं ते लिहिलं.

दुकान चालू आहे. दवनीवाड्याच्या त्या बांध्यांमध्ये या वर्षीही चिन्नोर लावला आहे. भाऊ आणि प्रवीण रोज फोनवर बोलतात.

तुमची,
आजी